अक्का शाब्बास म्हणायला शिकली

भाचीच्या बारशासाठी मी माहेरी, जिंतूरला गेले होते. आम्ही बायका पाळण्याला माळा बांधत होतो, तेवढ्यात यांचा फोन आला. "अक्का गेली," एवढंच म्हणाले. मी विचारलं, "कुठं गेली?" कारण अक्का सारखी कुठंतरी जायचीच. सेलूच्या बाजाराला, शेताकडं, नाहीतर राक्याला घेऊन ओढ्याच्या वाटेनं... "तसं न्हाई गं," ते म्हणाले, तेव्हा मला समजलं. दुपारचं जेवण करून ती पडवीत ज्वारी निवडायला बसली होती. निवडता निवडता भिंतीला टेकली ती टेकलीच. सूप मांडीवर तसंच होतं म्हणे. सासरी वालूरला जाणाऱ्या एसटीत खिडकीशी बसले आणि डोळ्यांसमोर अक्काचा चेहरा आला तो हसरा. मला त्याचंच नवल वाटलं. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा कुणी सांगितलं असतं की तुझी ही जाऊ गेल्यावर तुला तिचा हसरा चेहरा आठवेल, तर माझा विश्वास बसला नसता.

महानंदा तिचं नाव. मोठ्या भावजींची, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांची बायको. सासूबाई लवकर गेल्या, त्यामुळे घराच्या किल्ल्या तिच्याकडं होत्या आणि मी तिच्या हाताखाली होते. आमचं घर लिंगायत दुकानदाराचं. पुढं किराणा आणि भुसाराचं दुकान, मागं घर, दोन्हींच्या मध्ये लांबलचक पडवी. अक्का सकाळी आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, इष्टलिंगाची पूजा आटोपून चुलीपाशी यायची आणि तिथून तिचा दिवस सुरू व्हायचा तो माझ्या चुका काढण्यानं. आमटीत मीठ कमी. भाकरीचा काठ जाड. मी घासलेला तांब्या ती उजेडात धरून बघायची आणि न बोलता पुन्हा घासायला घ्यायची. भांडण असं आमचं कधी झालं नाही. ती वाईट नव्हतीच. माझ्या दोन्ही बाळंतपणांत तिनं माझं सगळं केलं, तेही तोंडातून एक गोड शब्द न काढता. तिच्या मनात मी कुठं आहे, हे मात्र मला कित्येक वर्षं कळलं नाही.

मग घरात राक्या आला. अक्काचा मुलगा पुण्यात नोकरीला. त्यानं रस्त्यावरचं एक कुत्रं पाळलं होतं, त्याचं नाव रॉकी. कंपनीनं त्याला परदेशी पाठवायचं ठरवलं, तेव्हा त्यानं गाडीत घालून कुत्रं आमच्याकडं आणून सोडलं. रंगानं भुरकट, एक कान उभा, एक पडलेला. गावात आल्याबरोबर रॉकीचा राक्या झाला. दिसायला गरीब, पण कुणी हात वर केला की त्याच्या अंगावर धावायचा. गिऱ्हाइकानं पोतं खांद्यावर घेतलं की भुंकून दुकान डोक्यावर घ्यायचा. जेवताना त्याच्या ताटलीजवळून कुणी गेलं तरी दात दाखवायचा. आणि काठी! काठी दिसली की तो आपला राहायचाच नाही. पुण्याच्या रस्त्यावर त्यानं काय काय सोसलं असेल, ते त्यालाच ठाऊक. अक्कानं त्याला सरळ करायला तिला माहीत असलेला एकच उपाय केला. लाटणं उगारलं. राक्या आणखी बिघडला.

शेजारचे काशिनाथमामा रोज सकाळी आमच्या दुकानाच्या ओट्यावर पेपर वाचायला यायचे. मोठ्या भावजींचे ते लहानपणापासूनचे सोबती. पायाच्या दुखण्यामुळं काठी घेऊन चालायचे. एकदा कुणीतरी पाहुण्यानं पत्ता विचारला म्हणून मामांनी काठी उचलून गल्लीकडं दाखवलं, आणि राक्यानं पडवीतून झेप घेऊन त्यांचा हातच धरला. रक्त आलं. दवाखाना, इंजेक्शनं, सगळं झालं. कुत्र्याला लस दिलेली होती, जखमही भरली, पण मामा ओट्यावर यायचे बंद झाले. त्यांच्या घरातून आमच्याकडं बघणंही बंद झालं. भावजी दिवसभर दुकानात गुमान बसायचे, पेपरची घडीसुद्धा मोडायचे नाहीत. एका संध्याकाळी म्हणाले, "उद्या टेम्पो जायलाय जिंतूरकडं. डोंगरात सोडून येतो त्याला." अक्का भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "लेकरानं इस्वासानं आणून ठेवलंय. सोडायचं न्हाई." भावजी म्हणाले, "मंग नीट कर त्याला. पुन्हा कुणाला चावला तर मी कुणाचं ऐकायचो न्हाई."

दुसऱ्या दिवशी अक्का राक्याला घेऊन परभणीला जनावरांच्या दवाखान्यात गेली. सोबत मी. तिथली डॉक्टरीण माझ्या मुलीच्या वयाची. तिनं राक्याला हात लावला नाही. जमिनीवर त्याच्याकडं पाठ करून बसली आणि आमच्याशीच गप्पा मारत राहिली. बऱ्याच वेळानं राक्या आपणहून तिच्याजवळ जाऊन तिची ओढणी हुंगायला लागला. ती म्हणाली, "आजी, हा रागीट नाही, भेदरलेला आहे. मारलं की त्याची भीती वाढते. तो चुकतो तेव्हा तुम्ही सगळे ओरडता. पण शांत बसलेला असतो तेव्हा कुणी त्याला काही म्हणतं का?"

अक्का म्हणाली, "शांत बसलाय त्यात काय म्हणायचं? चांगलं वागायचंच असतंय की."

"तेच तर त्याला माहीत नाही. तुम्ही सांगा त्याला. चांगलं वागला की त्याच क्षणी शाब्बास म्हणायचं आणि आवडीचा घास द्यायचा. उकडलेलं अंडं द्या."

"आमच्यात अंडं चालत न्हाई. खोबरं चालंल का?"

डॉक्टरीण हसली. "बारीक तुकडे करून, थोडं थोडं चालेल. मनुका मात्र देऊ नका." मग काठीची भीती कशी घालवायची तेही तिनं समजावलं. काठी लांब ठेवायची, इतकी लांब की त्याला दिसेल पण तो बिथरणार नाही. काठी दिसली की घास. हळूहळू अंतर कमी करायचं. तो ताठरला तर समजायचं की आपण घाई केली, आणि मागं जायचं.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी दुकान शांत झालं की अक्का पडवीत बसायला लागली. पडवीच्या पार त्या टोकाला काठीऐवजी ताक घुसळायची जुनी रवी आडवी ठेवलेली, अलीकडं राक्या, आणि अक्काच्या मुठीत खोबऱ्याचे बारीक तुकडे. राक्या रवीकडं बघून गप्प राहिला की तिनं शाब्बास म्हणायचं, इतकंच काम. पण तो शब्द तिच्या तोंडातून निघेना! ओठ हलायचे, घसा खाकरला जायचा, तोवर राक्याचं लक्ष दुसरीकडं. मी दारात उभी राहून बघत होते. "अक्का, म्हणा की," मी म्हटलं. ती म्हणाली, "म्हणायलेय की. जीभ वळंना झाली, काय करू?" शेवटी म्हणाली ती, पण अशा आवाजात की जणू कुणाला दम देतेय. राक्या दचकून मागं सरला. आम्ही दोघीही हसलो. मला वाटतं, आम्ही दोघी एका गोष्टीवर एकत्र हसलो, ती तीच पहिली वेळ.

मग मात्र ती चिकटली. ताटलीचं असंच केलं. राक्या जेवत असताना लांबून जायची आणि जाताजाता ताटलीत तूप लावलेला भाकरीचा तुकडा टाकायची, थांबायची नाही. काही आठवड्यांनी ती जवळ आली की राक्या गुरगुरायचं सोडून शेपटी हलवायला लागला. रवी पडवीच्या मध्यावर आली. तिच्या जागी खरीखुरी काठी आली. एकदा मात्र गल्लीतून लग्नाची वरात गेली, बँडच्या दणक्यानं राक्या बिथरला आणि त्याला धरायला गेलेल्या अक्काच्याच हाताला त्याचे दात लागले. भावजी ताडकन उठले. अक्कानं पदर हातावर दाबला आणि म्हणाली, "त्याचं काय चुकलं? मीच मध्ये हात घातला." दुसऱ्या दिवशी तिनं काठी पुन्हा पार टोकाला नेऊन ठेवली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. तिची चिडचिड नाही, कुरकुर नाही. हीच का ती तांब्या उजेडात धरणारी बाई, असं मला होऊन जायचं.

आणि मग एका सकाळी ती काशिनाथमामांच्या घरी गेली. दारातच उभी राहून म्हणाली, "भाऊ, तुमची मदत पाहिजे. तुमच्याबिगर त्याचं शिक्षण पुरं व्हायचं न्हाई." मामा म्हणाले, "मला चावलाय त्यो. आता त्याला मीच शिकवू?" "शिकवू नका, नुस्ते समोरच्या कट्ट्यावर बसा. काठी घेऊन." मामा नाही म्हणाले. अक्का दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. मामा नाही म्हणाले. तिनं काही जाणं सोडलं नाही. अखेर एका दुपारी मामा गल्लीच्या पलीकडच्या कट्ट्यावर येऊन बसले, तोंड दुसरीकडं करून. राक्याला काठी दिसली. त्याचं अंग ताठरलं, मग त्यानं मान वळवून अक्काकडं पाहिलं. भुंकला नाही. "शाब्बास!" अक्का इतक्या गोड आवाजात म्हणाली की मामांनी चमकून वळून पाहिलं. असं होत होत एक दिवस मामा आमच्या ओट्यावर येऊन बसले, त्यांनीच खोबऱ्याचा तुकडा पुढं टाकला, आणि राक्यानं तो खाऊन त्यांच्या काठीजवळच अंग टाकलं. भावजींनी आतून पेपर आणून मामांच्या मांडीवर ठेवला. मी चहा टाकला तेव्हा माझे डोळे भरले होते.

पण मला सांगायचंय ते पुढचं. त्याच सुमारास मी एकदा येसराची आमटी केली होती. अक्कानं वाटी तोंडाला लावली आणि सहज म्हणाली, "शाब्बास." मग आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात आलं. मी ओगराळं हातात घेऊन तशीच उभी. ती जराशी लाजली. मग म्हणाली, "लय चांगली झालीय गं. तुझी आमटी तशी नेहमीच चांगली होती." इतक्या वर्षांनी! मी विचारलं, "मग अक्का, कधी बोलला का न्हाई?" ती वाटीकडं बघत म्हणाली, "मला तरी कोण म्हणलं होतं? सासूबाईनं चूक काढली न्हाई, की मी समजायची आज बरं झालं. मला वाटायचं, असंच असतंय."

त्यानंतर घरात शाबासक्यांचा पूरच आला. भावजींनी ओला टॉवेल दोरीवर टाकला, शाब्बास. "मी काय राक्या हाय का?" असं ते गुरकावायचे, पण टॉवेल दोरीवरच पडायला लागला. गिऱ्हाइकांच्या पोरांना, दूधवाल्याला, पुण्याहून परदेशी गेलेल्या लेकाला फोनवर... सगळ्यांना शाब्बास. गल्लीतल्या बायका त्रास देणारी कुत्री घेऊन तिच्याकडं यायच्या आणि आपल्या सुनांबद्दल बोलत बसायच्या. अक्का दोन्हींवर एकच उपाय सांगायची. गेली काही वर्षं आम्ही दोघी दुपारी पडवीत बसायचो, ती बोलायची, मी ऐकायची, मध्ये राक्या पसरलेला. एवढं सुख मी माझ्या माहेरीही कधी अनुभवलं नाही.

ती लिंगैक्य झाली त्या दिवशी मी पोहोचले तेव्हा तिला बसवलेलं होतं, कपाळभर विभूती, गळ्यात फुलं. राक्या काशिनाथमामांच्या पायाशी बसला होता. एवढी माणसं, टाळ, घोष, पण तो भुंकला नाही. शेतात समाधी देऊन आम्ही परत आलो आणि कितीतरी दिवस दुपारी पडवीत जायला माझं मन धजावलं नाही.

एक काम मात्र अर्धं राहिलं होतं. राक्याला छत्रीची भीती वाटायची. काठीसारखी दिसते आणि एकदम फडकन मोठी होते, म्हणून असेल. जायच्या आधी महिनाभर अक्का तेच शिकवत होती, मिटलेल्या छत्रीपर्यंत येऊन पोहोचली होती. परवा दुपारी मी धीर करून खोबरं कातरलं आणि पडवीत बसले. राक्या येऊन समोर बसला. पण एकटीनं कसं करायचं? छत्री लांब कोण उघडणार? तेवढ्यात दुकानाचं दार वाजलं. मोठे भावजी आले, त्यांनी खुंटीवरची छत्री काढली, पडवीच्या टोकाला जाऊन उभे राहिले आणि हळूहळू, काड्या एकेक करून उघडल्यासारखी, ती उघडली. राक्या उठला. अंग ताठरलं. माझ्याकडं पाहिलं, छत्रीकडं पाहिलं आणि पुन्हा खाली बसला. मी खोबऱ्याचा तुकडा बोटांत धरला, शाब्बास म्हणणार... आणि टोकाकडून, छत्रीमागून, खाकरत खाकरत आवाज आला, "शाब्बास रे राक्या."

भावजींच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. राक्यानं एकदा आतल्या दाराकडं पाहिलं, मग पुढं येऊन माझ्या हातातलं खोबरं अलगद उचललं.