सातबाऱ्यावर भात, जमिनीवर तिवर

नव्वदच्या दशकाच्या मध्यात मी पेणच्या एका सरकारी ऑफिसात ट्रेसर होते. रोह्याजवळ वरसे गावात सासर, नवरा कंपनीत शिफ्टला, आणि मी रोज एसटीने पेणला. जिल्ह्यातली कुठली जमीन पुढे कशाला वापरायची याचा आराखडा व्हायचा होता. त्याआधी आज कुठे काय आहे ते नकाशावर उतरवायचं काम आमच्याकडे होतं. गावनकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवायचा, गटांच्या हद्दी शाईने गिरवायच्या आणि मग रंग द्यायचे. घरांना पिवळा, शेतीला हिरवा. खाडीकाठच्या तिवरांना, म्हणजे खारफुटीला, निराळी खूण होती. त्यातच कोल्ह्याबगळ्यांचा ठाव म्हणून जपायच्या जागा सुचवायला वरून सांगितलं होतं.

एके दिवशी माझ्या टेबलावर माझ्याच माहेरगावचा नकाशा आला. पेणपासून जवळच, खाडीला लागून असलेलं गाव. खाडीच्या कडेला ज्या गटावर माझं बोट थांबलं, तो माझ्या वडिलांचा होता.

मी दहावीत असताना त्या शेतांचा बाहेरचा बांध फुटला होता. पूर्वी बांधाला खांड पडली की गावातली प्रत्येक घरची दोन माणसं चिखल टाकायला यायची. पण तेव्हा पुरुष कंपन्यांत लागले होते, कुणाची पहिली शिफ्ट, कुणाची दुसरी. वडील दारोदार फिरून आले. जमली ती सगळी म्हातारी माणसं. दोन उधाणांत खांड इतकी रुंद झाली की पलीकडच्या माणसाची हाक ऐकू येईना. खारं पाणी शेतात शिरलं आणि राहिलं. वडील मिठागरावर कामाला जायला लागले. शेतात तिवर उगवले ते कुणी लावले नव्हते.

सातबाऱ्यावर मात्र दरवर्षी भात लागत होतं.

"जागेवर जायची काय गरज?" शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला. "सातबारा आहे ना? हिरवा मार आणि पुढचा कागद घे."

आम्ही तसंच करत होतो, हे खोटं सांगणार नाही. तालुके मोठे, माणसं चार आणि जीप एक. वरशाला आमच्या घरामागच्या शेतांत दगड रोवून प्लॉट पाडले होते, ते मी रोज डोळ्यांनी बघत होते. तरी त्या गटांना मीच हिरवा दिला होता, कारण सातबाऱ्यावर शेती होती. पण हा कागद मला तसा रंगवायचा नव्हता. मी तो बाजूला ठेवला आणि रविवारी माहेरी गेले.

वडील ओटीवर जाळं सांधत बसले होते. मी त्यांना सगळं सांगितलं.

"त्यात इचारायचं काय?" ते म्हणाले. "शेती दाव."

"बाबा, तिथे शेती नाही."

"सातबाऱ्यावर हाय. तुज्या आजाचं नाव हाय त्यावर, मग माजं. तू बापाचं नाव पुसनार काय गो?"

"नाव नाही पुसत. तिथं काय आहे तेवढं लिहायचंय."

आई आतून म्हणाली, "मंग जाऊन बघा ना दोघं. बसून काय भांडताय?"

ओहोटी लागल्यावर आम्ही निघालो. वडील पुढे, मी साडी खोचून मागे. गुडघाभर चिखल. आधी आतला बांध लागला. त्याच्या अलीकडे माझ्या चुलत्यांची आणि गावातल्या बऱ्याच जणांची शेतं अजून पिकत होती. पलीकडे तिवर. माझ्या डोक्यावरून वाढलेले, पानांवर मिठाची पांढरी पुटं.

तिवरांत शिरल्यावर वडिलांची जीभ सुटली. चिखलात कुत्र्यासारखी पावलं उमटली होती. "कोल्हीन हाय. जुन्या बांधाचा जो उंचवटा ऱ्हायलाय, त्यात तिचं बीळ. दोन वर्सं पिल्लं घालते." वर फांद्यांत काटक्यांची घरटी होती, रिकामी. "पावसात ये. बगळ्यांच्या कलकलाटात तुजं माजं बोलनं ऐकू यायचं नाय." पायांशी निवट्या, चिखलातले ते बोटभर मासे, उड्या मारत होत्या. एका बिळात हात घालून त्यांनी एवढी मोठी चिंबोरी काढली आणि दोरीने तिच्या नांग्या बांधल्या.

"आठवड्यातून कितीदा येता इथं?" मी विचारलं.

"मिठागराचं काम नसंल तवा रोज."

"मग ही शेती आहे का, बाबा?"

ते थांबले. "इथं माज्या बापानं भात लावलेलं. मी लावलेलं. तुला पाळन्यात या बांधावर ठेवून तुज्या आयनं लावनी केली." एवढं बोलून ते मागे वळले आणि चिंबोरी घेऊन घराकडे चालू लागले.

सोमवारी मी त्या सगळ्या गटांवर तिवरांची खूण केली. शेऱ्यात लिहिलं, कोल्ह्याचं बीळ, बगळ्यांची वसाहत, जागा पाहिली. मग कागद घेऊन साहेबांकडे गेले आणि या पट्ट्यात माझ्या वडिलांची जमीन आहे, हेही सांगितलं. उद्या कुणी बोट दाखवायच्या आत ते माझ्या तोंडून गेलेलं बरं. साहेबांनी त्या पट्ट्यावरून बोट फिरवलं. "लोक ओरडतील," ते म्हणाले.

"ओरडू द्या साहेब. पण एकदा तुम्ही स्वतः बघून या."

ते पुढच्या ओहोटीला गेले. परत आले तेव्हा पँट मांडीपर्यंत चिखलाने माखलेली होती. खुर्चीवर न बसताच त्यांनी माझ्या कागदावर सही केली.

मसुदा जाहीर झाला. तिवरांचा पट्टा त्यात 'राखीव, बांधकामास मनाई' असा आला आणि गावात वणवा लागला. तेव्हा मला कळलं की एक दलाल वर्षभर गावात फिरत होता. बुडीत शेतं घ्यायची, भराव टाकून वर आणायची आणि प्लॉट पाडून विकायचे, असा त्याचा बेत होता. त्यासाठी कागदावर शेती राहणं त्याला सोयीचं होतं. वडिलांकडेही तो दोनदा येऊन गेला होता. वडिलांनी त्याला हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं.

मी गावात गेले की बायका विहिरीवर बोलायच्या थांबत. एक चुलती तोंडावर म्हणाली, "सासरी पोट भरतंय ना गो तुजं? मंग माहेर कशाला बुडवतेस?" घरी वडील माझ्यासमोर जेवायला बसत नसत. मला रडू यायचं, पण येताना एसटीत. ती खूण मी बदलणार नव्हते.

हरकतींची सुनावणी गावच्या शाळेत झाली. साहेब टेबलाशी, मी बाजूला नकाशा धरून. दलाल लेखी हरकत घेऊन आला होता, त्याखाली पुष्कळ अंगठे होते. त्याने शेतकऱ्यांच्या हक्कांवर चांगलं भाषण केलं. टाळ्या पडल्या.

साहेबांनी मला नकाशा समजावून द्यायला सांगितलं. मी नियम सांगितले नाहीत. आतला बांध बोटाने दाखवला आणि म्हटलं, "उधाणाचं पाणी आज या तिवरांत पसरतं, त्याचा जोर मोडतो, मग ते बांधाला लागतं. इथे भराव टाकला तर ते पाणी कुठे जाईल?"

मग मागून वडील उठले. डोक्याचा फडका काढून हातात घेतला.

"पानी आतल्या बांधावर जानार," ते म्हणाले. "मी बाहेरचा बांध फुटताना बघितलाय. आतला फुटला तर या गावात एकाच्या घरी पन भात येनार नाय. साहेब, माजं दोन शब्द लिवून घ्या. भराव नको. तिवर ऱ्हाऊ द्या, ती जनावरं पन ऱ्हाऊ द्या. पन सातबाऱ्यावरचं माजं नाव काढायचं नाय. आनि आतला बांध पक्का करून द्या. ह्ये तिन्ही लिवा, मंग मी अंगठा देतो."

साहेबांनी त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत लिहून घेतलं. त्यांच्यामागे चुलते उठले, मग आणखी काही. सगळे नाही. दलालाबरोबर जे राहिले ते अजूनही आमच्या घरच्या लग्नाला येत नाहीत.

पट्टा राखीव राहिला. नावं राहिली. बांधाच्या कामासाठी मात्र आम्हाला दोन पावसाळे अर्ज करावे लागले. मी लिहायचे, वडील अंगठा द्यायचे आणि मिठागराला सुट्टी टाकून स्वतः ते ऑफिसात पोचते करायचे. "पोच घेतल्याबिगर हलायचं नाय," हे मी त्यांना शिकवलं होतं. शेवटी काम मंजूर झालं तेव्हा गावाने अंगमेहनत घातली. शिफ्टवाली पोरंही या खेपेला आली, रजा टाकून.

मी बरोबर केलं, असं वडील कधी म्हणाले नाहीत. जमीन ना विकता येत होती ना पिकवता येत होती, हे त्यांना शेवटपर्यंत सललं, आणि मला त्यांच्यासाठी सललं. मात्र श्रावणात ते मला बोलावणं पाठवायचे. आम्ही दोघं बांधावर जाऊन उभे राहायचो. बगळे इतके ओरडत असायचे की बोलायची सोयच नव्हती.

नंतर आमच्याकडे रोह्याचा उरलेला भाग आला, अष्टमी गावापासून खाली कुंडलिका नदीचे दोन्ही काठ. पहिल्याच दिवशी मी साहेबांना म्हटलं, "जागा पाहिल्याशिवाय मी एकाही कागदाला रंग देणार नाही. वरशाचे गटही पुन्हा करणार आहे, ते माझे चुकलेत."

"वेळ कुठून आणणार?" त्यांनी विचारलं.

"रविवार आहेत की," मी म्हटलं, आणि ओहोटीच्या वेळा लिहून घ्यायला डायरी उघडली.