उपासाचं रक्त

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे दूध सोसायटीची खोली झाडली. दुष्काळानं जनावरं छावणीत गेलेली, सोसायटीत थेंबभर दूध येत नव्हतं, खोली रिकामीच पडलेली. मी झाडत होतो, बायको पाणी शिंपडत होती. टँकरचं पाणी असं जमिनीला पाजलेलं बघून माझं डोकं फिरलं.

"आगं, उद्या पिणार काय?"

"उद्या डाक्टरीणबाई यायची हाय. धुरळ्यात रक्त काढतेत व्हय?"

त्या डाक्टरीणबाईनं मला वैताग आणला होता. मेडिकल कॉलेजात बायोकेमिस्ट्री नावाच्या खात्यात ती पुढचं शिकत होती. पहिल्या खेपेला अर्धं गाव आपापले गुडघे घेऊन तिच्याकडं गेलं. ती म्हणे, "मी औषध देत नाही आबा, आमच्या खात्यात रक्तच तपासतात." डॉक्टर असून सुई फक्त घ्यायला, द्यायला नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या बायांच्या रक्तातली साखर आणि चरबी मोजून तिला प्रबंध लिहायचा होता. त्याशिवाय तिला परीक्षेला बसू देत नव्हते.

मागच्या खेपेला तिनं माझ्या बायकोला सांगितलं होतं, सगळ्यांना उपाशीपोटी आणा. बायकोनं गल्लीभर सांगितलं, उद्या उपास हाय. झालं. बाया भगर आणि दाण्याची आमटी खाऊन, वर गोड चहा पिऊन रांगेत बसल्या. नळ्या भरून झाल्यावर एकीनं ढेकर दिला.

"मावशी, काही खाल्लंत का?"

"न्हाई बाई, उपास हाय. भगर तेवढी खाल्ली."

पोरीनं कपाळ धरलं. तिच्या सरांनी फोनवरच सांगितलं, ते रक्त फेकून दे, नव्यानं घे. इकडं बाया कारखान्याला निघायच्या बेतात. एकदा गेल्या की उन्हाळ्यापर्यंत सापडत नाहीत.

"माझ्याच तोंडून वाकडं गेलं," बायको म्हणाली. "लेकराचं वरीस जाईल."

"तुला कुणी सांगितलं होतं पुढारपण?"

"कुणीच न्हाई," म्हणाली, आणि खराटा माझ्या हातात दिला.

खोली झाडून झाली तशी ती भिंतीला टेकली. छातीत दाटलंय म्हणाली. मी जीप बघायला पळालो. जीप येईस्तोवर सगळं संपलं होतं. दिवस मावळताना मातीही झाली.

डाक्टरीणबाईचा फोन आला. रडत होती. "आबा, उद्या मी येत नाही."

"या तुमी. तिनं खोली झाडून ठिवलीय."

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत उठलो. सुतकातल्या माणसानं कुणाच्या घरात शिरू नये, म्हणून बाहेरूनच दारोदार काठी आपटत गेलो.

"उपास न्हाई. उपाशी. भगर न्हाई, चहा न्हाई. नुसतं पाणी."

एकजण पदर तोंडाला लावून म्हणाली, "आबा, आज आमच्या तरी घशाखाली काय उतरतंय?"

"मग चुलीवर काय उकळतंय?"

"पोराला चहा केलाय."

"पोराला दे. तू पिऊ नको."

मी दारातनं हललो नाही. पोरानं कप रिकामा केला, तेव्हा पुढच्या दाराला गेलो.