वहिनींच्या ओट्यावरचा तांब्या

टीव्हीवरच्या त्या भुतांच्या मालिकेचा विषय निघाला की मी नेहमी अर्धीच आठवण सांगत आलो. दूध सोसायटीनं घेतलेला टीव्ही, पत्र्यावर चढून अँटेना फिरवणारा शिपाई, सुरुवातीचं संगीत वाजताच एकमेकांना खेटून बसणारे दांडगे गडी. एवढ्यावर ऐकणारे खूश होतात. आजही नातवंडं मोबाईलवर ते जुने भाग लावतात. चित्र अंधूक, भुतं पावडर फासलेली, तरी मधे कुणी उठत नाही. पुढचं मी इतकी वर्षं टाळलं, ते आता लिहितो.

मी सोसायटीचा सचिव होतो. शेजारी माझ्या मित्राची विधवा राहायची. मित्र दुष्काळी कामावर खडी फोडताना ऊन लागून गेला, पाणी मागत. वहिनी टीव्ही बघायला यायच्या नाहीत. सोमवारी दूध घालायला आल्या की विचारायच्या, "भावजी, काल मालिकेत काय झालं?"

एका सोमवारी मी सांगितलं, मेलेला माणूस तहानेनं घरी परत येतो. त्यांनी दुधाची किटली खाली ठेवली.

"आमचे बी येत असतील का?"

"तांब्या ठेवून बघा की ओट्यावर," मी म्हणालो. मागे उभे असलेले हसले.

दुसऱ्या दिवशी डेअरीकडं निघालो तर ओट्यावर खरंच तांब्या. मी तो लिंबाच्या बुडात ओतला आणि रिकामा जागेवर ठेवला. थोडी गंमत, मग सांगून टाकू.

"आले हुते, भावजी. सगळं पाणी पिऊन गेले," वहिनी डेअरीत आल्या त्या सांगतच.

"उद्या च्या ठेवा, वहिनी. संगं खारी बी," कुणीतरी म्हणालं.

वहिनी हसल्या. मित्र गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. खरं सांगायचं मी पुढं ढकललं.

मग ते रोजचंच झालं. पाणीटंचाईच्या त्या उन्हाळ्यात आम्ही भांडी राखेनं घासून फडक्यानं पुसत होतो, आणि मी रोज तांब्याभर पाणी मातीत घालत होतो. भरलेला तांब्या बघून त्यांचा चेहरा कसा होईल, हे मला बघवलं नसतं. पुढं त्या दोन तांबे ठेवू लागल्या. "ऊन लई वाढलंय," म्हणाल्या. त्यासाठी विहिरीची एक खेप जास्त. त्याच खेपेला पायऱ्यांवरून घसरल्या आणि खुबा मोडला. लेक त्यांना आपल्या सासरी, माकणीला घेऊन गेली.

चार वर्षांनी मी माकणीला गेलो, सांगायचं ठरवूनच. काठी टेकत त्यांनी मला पाणी आणून दिलं.

"तुमचे लई उपकार, भावजी. तुम्ही सांगितलं नसतं तर ते तसेच तहानलेले राहिले असते."

मी पाणी प्यालो आणि एसटी गाठली. वर्षभरात त्या गेल्याची खबर आली.

वहिनी, ते पाणी मी ओतत होतो. तुमचा पाय माझ्यामुळं गेला. मला माफ करा. माकणीत एवढंच बोलायचं होतं.