एस ड्राइव्ह कधी असतो, कधी नसतो

दह्याचे रिकामे डबे जसे घरात साठतात ना, तसे ऑफिसातले किस्से साठतात. मुद्दाम कोणी जमवत नाही, पण टाकवतही नाहीत, आणि एक दिवस कपाट उघडलं की सगळे धडाधड अंगावर येतात. इथे अमेरिकेतल्या आमच्या चँडलर गावच्या ऑफिसातले माझ्याकडचे बहुतेक डबे एस ड्राइव्हचे आहेत. आज तेच काढते.

आधी ओळखी करून देते. आमची कंपनी छोटी, पंचवीस माणसांची. चिप बनवणाऱ्या कारखान्यांत जे पाइप असतात, त्यांची ड्रॉइंग्ज आम्ही करतो. सगळी ड्रॉइंग्ज सर्व्हरवरच्या एका शेअर्ड फोल्डरमध्ये असतात. तो प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर ‘एस ड्राइव्ह’ म्हणून दिसतो. म्हणजे दिसायला हवा. गेल्या मे महिन्यात नवा सर्व्हर आला आणि तेव्हापासून तो कधी दिसायचा, कधी नाही.

मी तिथे प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर. सगळ्यांच्या तक्रारी ऐकायच्या आणि पुढे ढकलायच्या, हा माझा पगाराचा धंदा. आणि आयटी म्हणजे एकटा संकेत. नागपूरचा, बत्तीस वर्षांचा, व्हिसावर आलेला. घरी बायको शलाका आणि पहिलीतली ईरा. सप्टेंबरात आमचा मालक ग्रेग त्याला म्हणाला, "ऑक्टोबर संपेपर्यंत हे मिटलं नाही, तर आयटीचं काम बाहेरच्या कंपनीला देतो. नथिंग पर्सनल."

व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली की साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर बॅगा भरायच्या. इतकं पर्सनल दुसरं काय असणार! तेव्हा पुढचं ऐकताना हसा खुशाल, पण तो बिचारा हसत नव्हता एवढं ध्यानात असू द्या.

* * *

तक्रारी यायच्या त्या फक्त ड्रॉइंग सेक्शनमधून. पाच माणसं, एका भिंतीला लागून ओळीने बसलेली. त्यातली ब्रेंडा सगळ्यात श्रद्धाळू.

तिचा फोल्डर गायब झाला की संकेत जायचा, मशीन रीस्टार्ट करायचा, फोल्डर हजर. चार वेळा असं झालं. पाचव्या वेळी ब्रेंडा म्हणाली, "मशीन ठीक आहे. त्याला फक्त तू लागतोस."

मग तिने कंपनीच्या वेबसाइटवरून संकेतचा फोटो प्रिंट केला आणि मॉनिटरच्या कोपऱ्यात चिकटवला.

दोन दिवस फोल्डर एकदाही गेला नाही! शेजारच्या डगने कलर कॉपी मागून घेतली. सेक्शनभर संकेत लटकायला लागला. मी म्हटलं, "आता एक उदबत्ती तेवढी राहिलीय." तो म्हणाला, "ताई, लाव. मी आता कशालाच नाही म्हणत नाही."

तिसऱ्या दिवशी अकराला ब्रेंडाचं तिकीट, म्हणजे आयटीकडची लेखी तक्रार, आलं: "फोटो एक्स्पायर झालाय. नवीन पाठव."

* * *

एकाच भिंतीवरची माणसं, म्हणजे भिंतीतल्या केबलमध्ये लोचा असणार, असं संकेतला वाटलं. मला विचारलं असतं तर मलाही तेच वाटलं असतं. जूनभर तो टेबलांच्या खाली होता. लोक त्याच्याशी वाकून बोलायचे.

ग्रेगला त्याचा वार्षिक रिव्ह्यू उरकायचा होता. त्याने तो तिथेच उरकला. बुटांकडे बघत म्हणाला, "तुझं कम्युनिकेशन चांगलं आहे. थोडी व्हिजिबिलिटी वाढव."

टेबलाखालून आवाज आला, "शुअर."

* * *

मग एका शनिवारी दिवसभर बसून संकेतने अख्ख्या भिंतीची वायरिंग बदलली. शलाका डबा घेऊन आली, ईराने जुन्या केबलच्या वेण्या घातल्या. सोमवारी सकाळी पाचही मशीनवर फोल्डर उघडला. टाळ्या वाजल्या. ग्रेगने डोनट्स मागवले.

सव्वादहाला डोनट्स आले. त्याच मिनिटाला नेने काकांचा मेल आला. विषय: ‘अगेन’. आत काही नाही. सीसीमध्ये ग्रेग.

* * *

नेने काका म्हणजे ड्रॉइंग सेक्शनचे प्रमुख. पुण्याचे, त्रेसष्ट वर्षांचे, मार्चमध्ये रिटायर होणार. काम एकदम चोख. नऊच्या मीटिंगला आठ पन्नासला खुर्चीत, वही उघडी, पेनाचं टोपण काढलेलं. त्यांची टीमही तशीच वक्तशीर. ग्रेग सगळ्या ऑफिसला त्यांचं उदाहरण द्यायचा, त्यामुळे बाकीच्या ऑफिसला ते फारसे आवडायचे नाहीत.

संकेतवर त्यांचा जीव होता. दर शुक्रवारी काकूंच्या हातची आमटी त्याच्यासाठी यायची. ब्रेकरूममध्ये पाठीवर हात ठेवून विचारायचे, "व्हिसाचं काय रे? काळजी नको करूस. मी ग्रेगशी बोलतो."

आणि बोलायचेच! फोल्डर गेला की ग्रेगला मेल. आठवड्यातून तीन-तीन. ‘अगेन’, मग ‘अगेन, ॲज युज्वल’, मग ‘धिस इज नाऊ अ ट्रॅडिशन’. एका हाताने आमटी, दुसऱ्या हाताने सीसी. दोन्ही मनापासून. या मेलांचाच ग्रेगने गठ्ठा केला होता आणि त्यावरच संकेतची नोकरी अडकली होती, हे काकांच्या डोक्यातच नव्हतं.

मी संकेतला म्हटलं, "अरे, सांग की त्यांना तोंडावर!"

तो म्हणाला, "काका वाईट असते तर सांगितलं असतं, ताई. चांगले आहेत, म्हणून तर त्रास होऊन राहिला."

* * *

ऑक्टोबर अर्धा सरला. घरी जेवताना ईराने विचारलं, "बाबा, इज द ड्राइव्ह हायडिंग अगेन?"

संकेत म्हणाला, "हो गं."

"देन यू हॅव टू से, आय गिव्ह अप. देन ही कम्स आउट."

दुसऱ्या दिवशी हे मला हसत हसत सांगताना तो मध्येच थांबला आणि चष्मा पुसायला लागला. मला भडभडून आलं. मी वॉशरूममध्ये जाऊन आले आणि आल्यावर त्याच्यावरच ओरडले, की रडत काय बसलास, जुनी तिकिटं काढ, पहिल्यापासून वाचू.

* * *

म्हणून आम्ही वाचायला बसलो. मी मोठ्याने वाचत होते, तो खुणा करत होता. मे महिन्यातलं एक तिकीट आलं, नेने काकांचं:

"रीस्टार्ट केल्यावर कॉम्प्युटरचं घड्याळ आपोआप दहा मिनिटं मागे जातं. मी रोज सकाळी स्वतःच नीट करतो. टीमचीही करून देतो. केवळ माहितीसाठी. तिकीट बंद करावे."

खाली संकेतचं उत्तर होतं: "थँक यू काका!" आणि एक स्मायली. तिकीट एका मिनिटात बंद.

मी विचारलं, "तू हे वाचलं होतंस?"

"काकांचं तिकीट, ताई. वरून स्वतःच बंद कर म्हणतात. त्यात काय वाचायचं असतं?"

मग त्याने पेन खाली ठेवलं. मला समजावून सांगितलं ते असं: तुमच्या मशीनचं घड्याळ आणि सर्व्हरचं घड्याळ यांच्यात पाच मिनिटांहून जास्त फरक पडला की सर्व्हर तुम्हाला ओळखच दाखवत नाही. फोल्डर आधीपासून उघडा असेल तर चालतो, नव्याने उघडायला गेलात की दार बंद. रीस्टार्ट केलं की घड्याळ आपोआप बरोबर होतं, फोल्डर येतो. मग काका फेरी मारतात आणि पुन्हा ‘नीट’ करून, म्हणजे दहा मिनिटं पुढे ढकलून जातात. जुना सर्व्हर हे खपवून घ्यायचा. नवा कडक होता.

"आणि फोटोचे दोन दिवस?" मी विचारलं.

त्याने कॅलेंडर उघडलं. त्या दोन दिवशी काका क्लायंटकडे ट्यूसॉनला गेले होते.

पाच महिने. एवढी वायरिंग. आमच्या अख्ख्या ऑफिसात जे सगळ्यात वक्तशीर, नेमका त्यांनाच फोल्डर दिसत नव्हता!

* * *

आता हे काकांना सांगायचं कोणी, यावर आमचा अर्धा तास गेला. शेवटी शनिवारी आम्ही दोघंही त्यांच्या घरी गेलो. काकूंनी थालीपिठं लावली होती. चार वाजले होते. हॉलमधल्या घड्याळात चार-दहा. ओव्हनवर चार-दहा. काकांच्या मनगटावर चार-दहा.

मी विचारलं, "काकू, तुम्हाला त्रास नाही होत याचा?"

"मी पस्तीस वर्षं दहा मिनिटं आधी जगतेय," काकू थालीपीठ उलटत म्हणाल्या. "आता सवय झाली. लग्नातसुद्धा हे आधीच बोहल्यावर जाऊन उभे. भटजीही आले नव्हते."

मग मीच विषय काढला. काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मग सर्व्हरला सांगा की जरा पुढे चालायला."

कोणी हसलं नाही.

"अहो," काकू म्हणाल्या, "त्याची नोकरी चाललीय. पोर शाळेत आहे त्याची."

"नोकरी? ती कशाने?"

"तुमच्या मेलांनी!" काकूंनी गॅस बंद केला. "ग्रेगला पाठवता ना, वाचून दाखवता मला कौतुकाने. त्या मेलांनी."

काकांचा चेहरा उतरला. माझ्याकडे बघेनात, संकेतकडे तर नाहीच. एवढंच म्हणाले, "चाळीस वर्षांत मी कुठे उशिरा पोचलेलो नाही. घड्याळामुळेच." आणि आत निघून गेले. काकूंनी थालीपिठं फॉइलमध्ये बांधून दिली.

गाडीत संकेत म्हणाला, "मी रिपोर्ट लिहितो. पण नाव नाही टाकणार."

"वेडा आहेस का? ग्रेगला नाव लागणार. नाहीतर तुला थापा मारणारा समजेल तो. सोमवारी त्या बाहेरच्या कंपनीचा माणूस येतोय!"

"मार्चमध्ये रिटायर होताहेत, ताई. चाळीस वर्षांनंतर लोकांनी काय लक्षात ठेवायचं, हे?"

"आणि तुझे साठ दिवस?"

स्टीअरिंग तापलं होतं, तो बोटांच्या टोकांनी गाडी चालवत होता. मी इतकी चिडले होते की थालीपीठ दिलंच नाही त्याला.

* * *

सोमवारी नऊला मीटिंग. ग्रेग, ड्रॉइंग सेक्शन, संकेत, मी, आणि निळ्या शर्टातला बाहेरच्या कंपनीचा माणूस. त्याने प्रत्येकाच्या पुढ्यात एकेक गुळगुळीत ब्रोशर ठेवलं होतं आणि सगळ्यांची नावं पाठ करून आला होता.

संकेतने सातलाच येऊन पाचही मशीनची घड्याळं बरोबर केली होती. त्याने फोल्डर उघडून दाखवला. सगळीकडे उघडला. रिपोर्टची कॉपी ग्रेगला दिली: काही मशीनची घड्याळं दहा मिनिटं पुढे होती, त्यामुळे सर्व्हर त्यांना आत घेत नव्हता.

ग्रेग म्हणाला, "वायरिंगनंतरही उघडला होता. मी डोनट्स मागवले होते."

निळा शर्ट म्हणाला, "इंटरमिटंट प्रॉब्लेम सगळ्यात वाईट." आणि सहानुभूतीने मान हलवली.

"कोणाची मशीन?" ग्रेगने विचारलं. "आणि घड्याळं पुढे गेली कशी? आपोआप?"

संकेत टेबलाकडे बघत राहिला.

"एक नाव सांग. एकच. म्हणजे मी विश्वास ठेवतो."

"ते माझ्याकडे नाहीये," संकेत म्हणाला. मी तोंड उघडलं तर त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी ते मिटलं. ग्रेगने रिपोर्ट बाजूला सारला आणि ब्रोशर जवळ ओढलं.

तेवढ्यात ब्रेंडा म्हणाली, "नेने कुठे आहे?"

सगळ्यांनी काकांच्या खुर्चीकडे बघितलं. खुर्ची रिकामी. भिंतीवरच्या घड्याळात नऊ वाजून पाच मिनिटं झाली होती. डग उठून पार्किंगमध्ये बघून आला. गाडी नव्हती. नऊ-सात. ब्रेंडाने काकांचा मोबाइल लावला, तो लागला नाही. "त्याला काहीतरी झालंय," ती म्हणाली आणि तिला खरंच रडू यायला लागलं. ग्रेगने ब्रोशर सोडून फोन हातात घेतला. पोलिसांना कळवावं की आधी घरी विचारावं, यावर चर्चा सुरू झाली.

बरोबर नऊ-दहाला दार उघडलं. काका आत आले, शांतपणे. वही उघडली, पेनाचं टोपण काढलं.

"गुड मॉर्निंग," ते म्हणाले. "सुरू करायचं?"

ग्रेगने नुसतं भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं.

काकांनी तिकडे बघितलं. मग मनगटाकडे बघितलं. शनिवारी दहा मिनिटं पुढे असलेलं ते घड्याळ आज भिंतीवरच्याशी जुळत होतं. "बरोबर आहे की," ते म्हणाले. "माझ्यातही नऊ-दहाच झालेत. म्हणजे नऊ. मी घड्याळं दहा मिनिटं पुढेच ठेवतो ना. टीमच्या मशीनचीसुद्धा."

ग्रेगने बाजूला सारलेला रिपोर्ट पुन्हा उचलला. पहिलं पान वाचलं. काकांच्या मनगटाकडे बघितलं, मग संकेतकडे. मग निळ्या शर्टाकडे वळून म्हणाला, "कॉफी संपवून निघा. घाई नाही."