वाघाच्या जिभेचे मानकरी

जालन्यात मेलेल्या जनावराला जिवंत माणसापेक्षा जास्त मान देणारे एकच गृहस्थ होऊन गेले, आणि आमचं नशीब असं की ते आमच्याच भिंतीला भिंत लावून राहत होते. निजाम सरकारच्या दवाखान्यात ते सलोत्री होते, म्हणजे गुराढोरांचे डॉक्टर. घराणं मारवाडी जैन, पिढ्यान् पिढ्या जालन्यात मुरलेलं, भावांची कापसाची जिनिंग. म्हणून निम्मं गाव त्यांना सलोत्री म्हणे, निम्मं सेठ. पुढे कोणीतरी तडजोड करून सलोत्रीसेठ केलं. मी काका म्हणत असे, कारण वडिलांनी तसं शिकवलं होतं. माझ्या मनात त्यांच्यासाठी वेगळे शब्द होते, पण ते मी कधी मोठ्यानं बोलले नाही. मी फारसं काहीच मोठ्यानं बोलत नसे.

हा माणूस पाणी गाळल्याशिवाय पीत नसे, सूर्य मावळल्यावर अन्नाला शिवत नसे, आणि पंगतीत कांद्याचा वास आला तर पानावरून उठत असे. आणि हाच माणूस मेलेल्या कोल्ह्याची जीभ रुमालात बांधून भर बाजारातून, लोकांचे नमस्कार घेत घरी येई. त्यांचं म्हणणं असं की मांस खाणाऱ्या रानटी जनावरांच्या स्नायूंत एक बारीक किडा वेटोळं घालून बसतो. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. जिभेत आणि छाती-पोटामधल्या पडद्यात त्याची वस्ती जास्त. ते मांस कच्चं कोणाच्या पोटात गेलं तर तो माणसाच्याही स्नायूंत जाऊन बसतो. विलायती पुस्तकात त्याचं चित्र होतं. आपल्या मुलखातल्या लांडग्या-बिबळ्यांत तो आहे की नाही, हे काही कोणी त्यांना सांगू शकलं नव्हतं. काकांना तो बघायचा होता. लोकांना मुलांची लग्नं बघायची असतात, बद्रीनाथ बघायचा असतो; यांना तो किडा बघायचा होता.

यापायी त्यांनी काय काय केलं ते आठवलं की आजही माझं डोकं तापतं. सख्ख्या पुतणीच्या लग्नात, वरात दाराशी आलेली असताना, रेल्वेच्या रुळाशी तरस मरून पडलंय अशी खबर आली. काका फेटा-अचकनीसकट तिकडे गेले. परतले तेव्हा नवरी सासरी पोचली होती. काकींनी त्यांना विहिरीवरच अडवलं आणि अंगावर घागरी रिकाम्या करत म्हणाल्या, "लोकांचे आदमी बाजारातून भाजी आणतात!" एकदा तर आईची लोणच्याची बरणी 'घडीभरासाठी' मागून नेली. आठवड्यानं आई ती आणायला गेली आणि झाकण उघडून तशीच किंचाळत परत आली. "माझ्या बरणीत तरस!" काका मागोमाग आले. चेहरा दुखावलेला. "वहिनी, तरस न्हाई. फक्त त्याचा पडदा हाय." जणू आई तरसावर अन्याय करत होती.

पण माझा खरा राग वेगळा आहे. फार पूर्वी एकदा काकांना तो किडा दिसला होता. मांसाचा कण दोन काचांमध्ये दाबायचा, स्क्रू आवळायचे आणि दुर्बिणीखाली, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली, धरायचा, अशी त्यांची रीत. त्यात वेटोळं दिसलं. काका अनवाणी बाजारभर सांगत सुटले, पेढे वाटले. हैदराबादेहून तपासणीला आलेल्या अफसरानं डोळा लावला आणि हसत म्हणाला, "सेठजी, ये कीड़ा नहीं, आप के भाई की जिनिंग का माल है." कापूस होता. हंगामात जालन्याच्या हवेत तो उडतोच. दह्यावर बसतो, देवावर बसतो, काचेवर का बसणार नाही? त्या दिवसापासून काकांचा स्वतःच्या डोळ्यांवरचा भरवसा उडाला. अशात मी कॉन्व्हेंटची शाळा संपवून घरी आले.

"बेटी, तुला हे किडे आवडत न्हाईत ना?" एक दिवस त्यांनी ओट्यावरून विचारलं.

"नाही."

"बिलकुल?"

"किळस येते, काका."

"मंग तूच बघत जाय. मला जे पाह्यजे तेच दिसतं. तुला जे हाय ते दिसल."

माझं इंग्रजी नाही, अक्षर नाही, हुशारी नाही. माझी किळस त्यांना उपयोगी पडली! आणि वडील म्हणाले, "जात जा, बसून तरी काय करतेस." घरी बसले होते ती लग्नाची वाट बघत, हे सगळ्यांना माहीत होतं. मग मी तरसं आणि कोल्हे बघत बसले.

एका हिवाळ्यात जाफराबादेकडच्या एका गावात पाटलांनी बिबळ्या मारला; तिकडे त्यालाही वाघच म्हणतात. काका मोटारीनं निघाले. सोबत काकी होत्या, म्हणजे वडिलांचीही हरकत नव्हती, म्हणून मलाही जावं लागलं. पोचलो तोवर बिबळ्याची वाटणी झालेली. नखं सोनाराकडे, चरबी गुडघ्यांसाठी बाटल्यांत, आणि मांसाच्या पट्ट्या अंगणात दोरीवर वाळत. जीभ कुठंय म्हणून काकांनी जीव तोडून विचारलं तेव्हा बायका पदरात तोंड लपवून हसल्या. ती कुत्र्यांना जायच्या बेतात होती.

घरात पाटलांच्या आईचा, म्हणजे म्हाताऱ्या पाटलीणबाईंचा, हुकूम चाले. त्यांची एक नात होती, काडीसारखी, ताट पडलं तरी दचकून घरभर रडणारी. वाघाचं अर्धवट वाळलेलं मांस सहाणेवर उगाळून मधातून चाटवलं की पोर धीट होतं, असा त्या भागाचा रिवाज. गावातल्या आणखीही आया वाट्या घेऊन बसल्या होत्या. काकांचा चेहरा उतरला.

"आजी, कच्चं देऊ नका. द्यायचंच तर बराबर उकळून द्या."

"वाघ चुलीवर चढवू? माझ्या?" पाटलीणबाई उसळल्या. "आमी काय वाघ खाणारे हाव का?"

"अहो, मग पोरीला काय देऊन राह्यलात?"

"ते औषध हाय. उगाळून चाटवायचं. खायला कोण सांगून राह्यलंय? सेठ, तुमी वरण-बट्टीवाले. तुमाला मांसातलं काय कळतंय?"

अंगण हसलं. मला मात्र संताप आला होता. चूल बाटू नये म्हणून लेकराच्या पोटात कच्चं मांस! चुलीची एवढी काळजी, आणि पोरीची? पण मी काकींच्या मागे उभी होते, तिथेच राहिले. काका म्हणाले, "मला बघू तरी द्या. किडा असला तर देणार न्हाई, कबूल?"

"दाखवा किडा. मंग कबूल."

ओट्यावर दुर्बीण मांडली. काकांनी जिभेचा कण दाबला, डोळा लावला, काढला, पुन्हा लावला. ते बाजूला झाले. "बेटी, बघ."

वेटोळं होतं. खरंच होतं. मी काच थोडी सरकवली. तो किडा असता तर पुस्तकातल्या चित्रासारखा स्नायूच्या धाग्यांच्या आत, दुर्बिणीत लिंबासारख्या दिसणाऱ्या आपल्या घरट्यात बसलेला दिसला असता. हे धाग्यांच्या वर आडवं पडलं होतं, चपटं, फितीसारखं पीळ खाल्लेलं, आणि त्याचं एक टोक नुसतंच लोंबत होतं.

"कापूस आहे, काका."

"पक्कं?"

"पक्कं."

त्यांनी दुसरा कण दाबला, तिसरा दाबला, पडद्याचे दाबले, दोरीवरच्या पट्ट्यांतले दाबले. मी बघत गेले. ऊन कलायला लागलं. आता जेवले नाहीत तर उद्यापर्यंत उपाशी, म्हणून काकी ताट घेऊन ताटकळल्या. काहीच नव्हतं. शेवटी काका उठले, पाटलीणबाईंकडे बघितलं, त्या पोरीकडे बघितलं. एक शब्द पुरला असता. दुर्बिणीत कोणाला काय कळणार होतं? पोर सुटली असती, सगळी पोरं सुटली असती, आणि काकांचा किडाही सापडला असता.

"ह्या वाघात किडा न्हाई," काका म्हणाले.

"काका!" मी ओरडले. अख्ख्या अंगणासमोर. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

पाटलीणबाई माझ्याकडे वळल्या. "का गं? त्यानं खोटं बोलावं का?"

माझ्याऐवजी काकाच म्हणाले, "ह्या वाघात न्हाई, एवढंच म्हणलं. दुसऱ्या वाघाचं मी कसं सांगू? त्याला बघितल्याबिगर?"

म्हातारीनं कपाळावर हात मारून घेतला. "दिवसभर माझ्याशी भांडून राह्यला, अन् निकाल माझ्या बाजूनं दिला!" मग वाट्या घेऊन बसलेल्या बायांना म्हणाली, "ऐकलं का? आजपासून सेठनं जीभ बघितल्याबिगर कोणी वाघ उगाळायचा न्हाई." त्यानंतर तिनं नातीला बोट चाटवलंच. पोरीनं ते काकांच्या अचकनीवर थुंकलं आणि असा टाहो फोडला की दावणीचे बैल उभे राहिले. धीटपणाचं एवढंच लक्षण त्या दिवशी दिसलं.

म्हातारीचा शब्द गावोगाव पसरला आणि आमच्या गल्लीचे हाल सुरू झाले. पळसाच्या पानांत गुंडाळलेल्या जिभा मोटारीच्या ड्रायव्हरबरोबर येऊ लागल्या. भोकरदनकडून, अंबडकडून, डोंगरापलीकडून. वाघाची आली, लांडग्याची आली, एकदा तर कोणीतरी घरच्या मांजरीची पाठवली. काका प्रत्येकीचं पाहुण्यासारखं स्वागत करत, मी प्रत्येकीत डोकावत असे, आणि उत्तर एकच, नाही. पण जीभ जालन्याला येऊन निरोप माघारी पोचेपर्यंत तिकडे दोरीवरच्या पट्ट्यांना अळ्या पडलेल्या असत. नाक धरून लोक त्या फेकून देत. उगाळायला काही उरतच नसे. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी काकांना सांगितलं. ते म्हणाले, "मंग निरोप जल्दी जायला पाह्यजे." खरंच म्हणाले. अशा माणसावर रागावून तरी काय करायचं?

पेन्शन झाल्यावर ते अंबडला मुलीकडे राहायला निघाले. दुर्बीण सरकारी होती, ती दवाखान्यात जमा झाली. तांग्यात ट्रंका चढल्या, काकी बसल्या, आईनं डबा दिला. काका माझ्यापाशी येऊन उभे राहिले.

"बेटी, इतकी वर्षं न्हाई-न्हाई म्हणलीस. कधी वाटलं न्हाई, म्हाताऱ्याला एकदा 'हाय' म्हणावं?"

"वाटलं," मी म्हणाले. "पुष्कळदा."

"मंग?"

"तुम्ही पुन्हा बघितलं असतं. मग कळलं असतंच."

काका हसले. डोळे पुसायला त्यांनी रुमाल काढला. तो आज कोरा होता, घडी न मोडलेला.

"न्हाई गं," ते म्हणाले. "तू हाय म्हणली असतीस ना, तर मी पुन्हा बघितलंच नसतं."

तांगा वळेपर्यंत मी दारात उभी होते. मग आत आले, आणि शेजारची भिंत पहिल्यांदाच मला फार जाड वाटली.