मामांनी लांबवलेली मॅच

मॅच बघणारी माणसं जगात भरपूर आहेत. पण मॅच कशी दाखवतात हे बघणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो माझ्या बायकोचा सख्खा मामा निघाला. मामा सिडनीत, कॅसल हिलला आमच्यापासून चार गल्ल्या पलीकडे राहतात. मूळचे पुण्याचे, शिक्षणाने मायनिंग इंजिनियर, उमेदीची वर्षं कालगुर्लीच्या सोन्याच्या खाणीत घालवून आता निवृत्त. अशा माणसाने ऑस्ट्रेलियात राहून क्रिकेट बघावं, फार तर इथल्या लोकांसारखं रग्बीवरून भांडावं. मामांनी धरलं अमेरिकन फुटबॉल, आणि तेही फक्त टीव्हीवरचं. एकदा मीच त्यांना हौसेने इथल्या एका हौशी क्लबच्या मॅचला घेऊन गेलो होतो. मैदानाच्या कडेला थोडा वेळ उभे राहिले आणि मला म्हणाले, "चला जावईबापू, घरी जाऊ. इथे काही कळत नाही. रिप्ले नाही, पिवळी रेघ नाही, कोण कुठे चुकलं ते सांगायला कुणी नाही. नुसते खेळतायत!"

ही पिवळी रेघ म्हणजे मामांचं दैवत. त्या खेळात चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं, आणि कुठवर सरकायचं ते टीव्हीवाले गवतावर पिवळी रेघ ओढून दाखवतात. रेघ मैदानावर नसतेच. ती कॉम्प्युटरने काढलेली असते, आणि तरी खेळाडू तिच्यावरून धावले की ती त्यांच्या पायांखालून जाते, अंगावर येत नाही! हे सांगताना मामांचा आवाज गाभाऱ्यात गेल्यासारखा उतरतो. घरी येणाऱ्या प्रत्येकाला चहाच्या आधी ही रेघ बघावी लागते. किचनचा नळ दुरुस्त करायला आलेल्या प्लंबरलाही त्यांनी सोफ्यावर बसवून ती दाखवली. तो बिचारा बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "इट्स अ लाइन, मेट." मामा त्याच्या पाठीमागे हळहळले, "हाताला गुण आहे हो पोराच्या, पण कलेची जाण नाही."

अमेरिकेतला रविवार सिडनीत सोमवारी सकाळी उगवतो, त्यामुळे मामांचा देवाचा वार सोमवार. मामी म्हणायच्या, "शंकराचा वार आहे, निदान एक बेलाचं पान तरी वाहा त्या टीव्हीवर." मामांना कुठला संघ प्रिय आहे हे मला आजतागायत कळलेलं नाही. त्यांची दाद जाते ती टीव्हीच्या गाडीत बसून कॅमेरे बदलणाऱ्या, कधीही न दिसणाऱ्या माणसाला. कुणीतरी अचाट धाव घेतो, ऐंशी हजार लोक उभे राहतात, मी सोफ्यावरून उडी मारतो, आणि मामा शांतपणे म्हणतात, "जिंकणाऱ्याला कुणीही दाखवेल. त्याने हरणाऱ्याची आई शोधून काढली बघ गर्दीतून. याला म्हणतात नजर!" मॅच संपल्यावर आपण स्कोअर बोलतो, मामा तारेवरून धावणाऱ्या कॅमेऱ्याबद्दल बोलतात, तो चांगला सुरात होता की आज जरा जडच चालत होता, वगैरे.

हे सगळं टीव्हीपुरतं राहिलं असतं तर काही नाही. पण त्या खेळात कोचला पंचांचा निर्णय पटला नाही तर तो लाल फडकं मैदानावर फेकतो, आणि पंच रिप्ले बघून पुन्हा निर्णय देतात. मामांनी जेवणाच्या टेबलाशी एक लाल नॅपकिन ठेवला. एके रविवारी आम्ही जेवायला गेलो होतो. आमटीचा पहिला भुरका घेताच मामांनी फडकं जमिनीवर टाकलं. "मीठ नाही!" मामींनी शांतपणे डाव आमटीत बुडवला, चव घेतली, छातीशी हात घेऊन पंचासारख्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पुन्हा तपासून पाहिलं. मीठ आहे. निर्णय कायम. आता ते फडकं उचला आणि धुवायला टाका." आमची ओवी शाळेच्या पोहण्याच्या शर्यतीतून निथळत बाहेर येते तोच मामा तिच्या तोंडासमोर चष्म्याची केस माइकसारखी धरून उभे. "ओवी, शर्यतीच्या वेळी मनात काय चाललं होतं?" ती म्हणाली, "आजोबा, I came fifth." "पाचवी आलीस हे सगळ्यांनी पाहिलं. कशी आलीस ते प्रेक्षकांना सांग." आणि ती पोरगी टॉवेल गुंडाळून खरंच सांगत बसली, दुसऱ्या वळणावर श्वास कसा चुकला ते. जिंकलेल्या मुलीला कुणी काही विचारलं नव्हतं. ती बाजूला उभी राहून ऐकत होती.

या वेडाचं मूळ मी एकदा विचारलं, तेव्हा मामांनी सांगितलं. कालगुर्लीला आले तेव्हा एकटेच होते. मामी व्हिसाच्या रांगेत पुण्यात. खाणीतलं इंग्रजी त्यांना कळायचं नाही, आणि दुसऱ्यांदा विचारलं की समोरचा "नो वरीज" म्हणून निघून जायचा. शिफ्टनंतर मेसमध्ये टीव्हीवर हा खेळ लागायचा. "खेळ दर दहा सेकंदांनी थांबायचा," मामा म्हणाले, "आणि थांबला की कॉमेंट्रीवाली दोन माणसं पुन्हा दाखवायची, हळू करून दाखवायची, पडद्यावर गोल काढून दाखवायची. या देशात मला कुणी काही दोनदा समजावून सांगितलं असेल तर त्या दोघांनी."

गेल्या वर्षी मामींच्या डोळ्याच्या पडद्याला मधोमध बारीक भोक पडलं. त्या डोळ्याने समोरच्याकडे बघितलं की त्याचे कान दिसायचे आणि नाक गायब व्हायचं. मामी थट्टेवारी न्यायच्या. पण वाचन बंद झालं, सुईत दोरा जाईना, तेव्हा थट्टा कमी झाली. फेब्रुवारीत ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी डोळ्यात गॅसचा बुडबुडा सोडला. तो पडद्याला आतून दाबून धरतो, पण त्यासाठी पेशंटने काही दिवस तोंड जमिनीकडे करून राहायचं. जेवणा-बाथरूमपुरती सूट, बाकी झोपणं, बसणं, सगळं खाली बघत. मान वर केली की बुडबुडा सरकला, बुडबुडा सरकला की केलेलं सगळं फुकट. मामांनी मसाजवाल्यांकडे असतं तसं, चेहऱ्यापाशी भोक असलेलं टेबल भाड्याने आणून हॉलमध्ये मांडलं. मामी त्यावर पालथ्या पडून राहिल्या. पहिले दोन दिवस त्यांनी निमूट काढले. मग मान आखडली, पाठ भरून आली, आणि माणूस आतून खचायला लागला.

सोमवारी सकाळी आम्ही दोघं गेलो तेव्हा मामींनी निर्वाणीचं सांगितलं होतं, "आता बास. गेला डोळा तर गेला. दुसरा आहे ना! मी उठणार." मंगळवारी सकाळी डॉक्टरांकडे तपासणी होती, म्हणजे एकच दिवस काढायचा होता. माझी बायको मेघना समजावून थकली. तो सोमवार अमेरिकेतल्या फायनलचा. अख्खा देश जिच्यासाठी कामधंदा सोडून बसतो ती मॅच. मामा टेबलाशी गेले. "मॅच संपेपर्यंत पड. मग तुझी मर्जी."

"मला काय दिसणार आहे तुमची मॅच?"

"मी सांगतो ना. मी दाखवतो तुला."

त्यांनी टीव्हीचा आवाज पूर्ण बंद केला आणि मामींच्या डोक्याशी उभे राहून मराठीत सुरुवात केली. ज्या दोन माणसांचं बोलणं ऐकण्यासाठी त्यांनी हयात घालवली, त्यांचा आवाज त्यांनी स्वतःच्या हाताने बंद केला. "मंडळी, आभाळ निरभ्र आहे. निळे डावीकडून उजवीकडे, लालवाले उलट. नाणं उडवलं... कॅमेरा नाण्याच्या मागोमाग वर जातोय... काटा!" रिप्ले आला की मामा सावकाश बोलायचे, एकेक शब्द लांबवून, आणि मामी भोकातून ओरडायच्या, "कळलं हो, पुढे चला!" आणि मग मामींनीच आम्हाला थक्क केलं. चौथा प्रयत्न आला तशी टेबलाखालून आवाज आला, "अहो, अजून सात यार्ड बाकी आहेत, पळतायत कशाला? किक मारा म्हणावं!" इतकी वर्षं मामी सोमवारी बाजूला बसून भाजी निवडायच्या आणि नाकं मुरडायच्या. तेवढ्यात सगळा खेळ शिकून बसल्या होत्या. "निळ्यांचा कोच भित्रा आहे, मागच्या वर्षीपासून सांगतेय मी," त्या म्हणाल्या. कुणाला सांगितलं होतं कोण जाणे.

दुपार झाली. बाहेर उन्हाने झाडं कोमेजली होती, आणि मॅच रंगत आली होती. शेवटची काही मिनिटं उरली, निळे तीन गुणांनी मागे, चेंडू त्यांच्याकडे. आणि पडद्यावरचं चित्र थिजलं. मधोमध एक गोल फिरायला लागला. नेट गेलं होतं.

मामांचं वाक्य अर्ध्यावर तुटलं. मी खिशातून फोन काढून खटपट सुरू केली. टेबलाखालून आवाज आला, "काय झालं? संपली का?" आणि मामींचं कोपर टेबलावर टेकलं, खांदा वर यायला लागला.

मामांनी मला हातानेच थांबवलं आणि बोलायला लागले. "संपते कसली! निळ्यांनी किक घेतली... चेंडू खांबाला घासून आत! तीन गुण! बरोबरी! मंडळी, मॅच एक्स्ट्रा टाइममध्ये!" मामींचा खांदा खाली गेला. "बघा, मी म्हटलं नव्हतं? किक मारा म्हणून!"

त्यानंतर मामांनी जी मॅच दाखवली तशी अमेरिकेत आजवर झाली नसेल. लालवाल्यांनी गुण घेतला की पंचांनी रद्द केला. निळ्यांचा एकजण पिवळ्या रेघेच्या वीतभर अलीकडे पडला, तो रिप्ले आम्ही सहा दिशांनी ऐकला. पंचांचा माइक बिघडला. एका खेळाडूचा पाय मुरगळला, तर मामांनी प्रेक्षकांतली त्याची आई दाखवली, तिची पर्स दाखवली, पर्स आवळणारी बोटं दाखवली. मामी हळहळल्या, "अगं बाई, गं!" मेघनाने स्ट्रॉ घालून चहा आणला, मामींनी तो पडल्यापडल्या प्यायला, आणि मॅच चालूच. मामांचा घसा बसला, घाम कपाळावरून गळ्यात उतरला, पण माणूस हटेना. मध्येच नेट परत आलं. पडद्यावर रंगीत कागदांचा पाऊस पडत होता, कुणीतरी चषक डोक्यावर धरला होता. तो कुठल्या रंगात होता हे दिसायच्या आत मामांनी रिमोट उचलला, टीव्ही बंद केला, आणि काळ्या पडद्याला पाठ करून म्हणाले, "आणि पुन्हा बरोबरी! काय चाललंय काय आज!"

उन्हं कलली तेव्हा टेबलाखालून घोरण्याचा आवाज आला. तरीही मामांनी दोन प्रयत्न खेळवले, मग आवाज उतरवत उतरवत थांबले, आणि कार्पेटवर बसकण मारली. मेघना रडत होती. मी काय करत होतो ते सांगण्यात अर्थ नाही.

मंगळवारी डॉक्टरांनी बघितलं आणि सांगितलं, भोक बुजतंय. हळूहळू बुडबुडा विरघळला. त्या डोळ्याची नजर पहिल्यासारखी झाली नाही, पण माणसांची नाकं परत आली. सुईत दोरा कधी जातो, कधी जात नाही.

परवा मी त्यांच्याकडे गेलो होतो. मामा ओवीला घेऊन लायब्ररीत गेले होते. मामी मागच्या अंगणात सावलीला मेथी निवडत बसल्या होत्या. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मान वर न करताच म्हणाल्या, "त्या दिवशी मॅच बंद पडली होती ना हो?"

मी मेथीची एक जुडी माझ्या पुढ्यात ओढली.

"त्या भोकातून मला काय दिसायचं? कार्पेट आणि यांचे पाय. सकाळपासून टाचा दिसत होत्या. मग अचानक बोटं दिसायला लागली. संध्याकाळपर्यंत बोटंच." त्यांनी एक जुडी सोडवली. "लग्न झाल्यापासून मॅच चालू असताना या माणसाचं तोंड माझ्याकडे कधी वळलं नव्हतं."

"मग तुम्ही उठला का नाहीत?"

"उठून काय करू? इतकं छान चाललं होतं त्यांचं." मामींनी एक पान डोळ्यांसमोर धरलं, जरा लांब नेलं, जवळ आणलं, आणि परातीत टाकलं. "शेवटी कोण जिंकलं ते मात्र मी अजून विचारलेलं नाही. तुम्हीही सांगू नका. विचारलं की संपेल ती."