इंजिनासाठी लावलेला कौल

बाळांनो, तुम्ही पाठवलेल्या फोटोत बंदरातल्या सगळ्या बोटींना इंजिनं आहेत. आमच्या दादरच्या घरी मासे घेऊन येणाऱ्या मावशींच्या होडीला इंजिन बसलं, ते मला एखाद्या स्वप्नासारखं आठवतं. कडा पुसट, मधलं सगळं स्वच्छ.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. मी कॉलेजात जात होते. भिंतीभिंतीवर चुन्याने घोषणा लिहिलेल्या असत आणि बाबा संध्याकाळी सभेला गेलेले असत. मावशी वरळीच्या कोळीवाड्यातून पाटी घेऊन येत. तेव्हा सरकार कोळ्यांच्या सोसायट्यांना होड्यांसाठी इंजिनं देऊ लागलं होतं. किमतीचा बराच भाग सरकार सोसणार, बसवायला मिस्त्रीही पाठवणार. मावशींच्या होडीचा नंबर लागला होता.

"आमच्यावर गोळ्या झाडणाऱ्यांचं इंजिन घेता?" बाबांनी विचारलं.

"काका, तुमचा मोर्चा चालत जातो," मावशी कोलंबी निवडत म्हणाल्या. "आमची होडी नाय जात चालत."

बाबांनी वर्तमानपत्र जरा उंच धरलं. ते हसत होते.

मावशींना ते इंजिन हवंच होतं. मागच्या हंगामात भर समुद्रात वारा पडला, शीड लोंबकळत राहिलं आणि त्यांची दोन्ही मुलं वल्ही मारत घरी आली. थोरल्याचा खांदा तेव्हापासून वर उचलला जात नव्हता. पण सासरे अडून बसले होते. इंजिनाचा पंखा फिरवणारा दांडा बाहेर काढायचा तर होडीच्या मागच्या लाकडाला, पाण्याखाली येणाऱ्या भागात, भोक पाडावं लागे. "पाणी शिरू नये म्हणून जन्मभर तिच्या फटी बुजवल्या," ते म्हणत. "आता भोक पाडायचा?" नारळी पौर्णिमेला होड्या पाण्यात जायच्या. त्याआधी निर्णय झाला नाही, तर इंजिन दुसऱ्या होडीला जाणार होतं. शेवटी देवीला कौल लावायचं ठरलं आणि मावशी मला म्हणाल्या, "चल बाय, आमची आई बघ."

देऊळ लहान होतं. बाहेर समुद्र झोपेत श्वास घ्यावा तसा वाजत होता. पुजाऱ्याने देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या सुपाऱ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

सासऱ्यांनी हात जोडले. "आई, होडीला भोक पाडू काय?"

मग नुसतं थांबायचं. समईची ज्योत हलत होती आणि तिच्याबरोबर देवीचे डोळेही हलल्यासारखे वाटत होते. आम्ही सगळे पाण्याच्या तळाशी बसलो आहोत असं मला वाटू लागलं. डावी सुपारी पडली.

सासरे टोपी घालून उठले. मावशी जागच्या हलल्या नाहीत.

"मामा, बसा. अजून झाला नाय."

"आई बोलली ना?"

"तुम्ही विचारलात तशी बोलली. कंची आई बोलंल, पाड भोक? आता मना विचारू द्या."

"घरातला मोठा माणूस बसलाय, आणि तू विचारणार?"

"पोरं माझी हायत."

सासरे पुन्हा खाली बसले. पुजाऱ्याने सुपाऱ्या पुन्हा लावल्या. मावशींनी पदर पसरला. "आई, माझ्या पोरांचे खांदे राखशील ना?"

या वेळी फार वेळ गेला. मग उजवी सुपारी घरंगळली आणि देवीच्या पायाशी थांबली.

"ह्यात इंजिन कुठं आला?" सासरे म्हणाले.

"आई होय बोलली," मावशी म्हणाल्या. "आता ती काय वल्हवायला येनार?"

पुजाऱ्याने तोंड फिरवलं. त्याचे खांदे हसण्याने हलत होते. सासऱ्यांनी देवीच्या पायाशी पडलेली सुपारी उचलून कपाळाला लावली.

मिस्त्री आला त्या दिवशी मी पुन्हा गेले. आभाळ खाली उतरलं होतं. वाळू, होड्या आणि माणसं एकाच राखाडी रंगाची दिसत होती. त्याने भोक पाडायचं गिरमिट काढलं तेव्हा सासऱ्यांनी हात पुढे केला. मिस्त्री क्षणभर घुटमळला, मग त्याने ते देऊन टाकलं. म्हाताऱ्यांनी होडीला कपाळ टेकून तिला काहीतरी सांगितलं. काय ते आम्हाला ऐकू आलं नाही. मग त्यांनी भुसा वाळूवर सांडू नये म्हणून खाली आपला रुमाल अंथरला आणि हळूहळू गिरमिट फिरवायला सुरुवात केली.